तुम्ही विचारलंत म्हणून : जहाजावरचं मीठ संपतं तेव्हा

"अहो, तुम्ही जपानी शिकवता, भाषांतरं करता, आणि घरी बघता काय, तर रोबोंच्या मारामाऱ्या! एवढं काय आहे त्यात?"

हा प्रश्न मला विद्यार्थ्यांच्या आयांनी विचारलाय, नणंदेनं विचारलाय, गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनीही विचारला. पंगतीत त्याचं उत्तर देता येत नाही. वाढपी पुढे सरकतो आणि विषय जिलबीवर जातो. म्हणून इथे नीट लिहिते. मालिकेचं नाव 'किदो सेन्शी गंडम', इंग्रजीत 'मोबाइल सूट गंडम'. १९७९ची, ४३ भागांची. नंतर त्या नावानं पुष्कळ काही आलं. मी बोलतेय ते पहिल्या मालिकेबद्दल.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी जपानमध्ये नागोयाला दुभाषी म्हणून काम करत होते. दिवसभर कारखान्यात नटबोल्टांची जपानी बोलायची आणि रात्री खोलीवर आल्यावर साधी बोलीभाषा कळेनाशी व्हायची. कान तयार व्हावा म्हणून डीव्हीडी भाड्यानं आणायला लागले. एका सहकाऱ्यानं ही मालिका सुचवली. ती मुळात याच शहरातल्या नागोया टीव्हीवरून सुरू झाली, याचा त्याला अभिमान होता. पहिले पंधरा भाग मी वही घेऊन, शब्द टिपत पाहिले. सोळाव्या भागात वही बाजूला ठेवली.

त्या भागात नायकाच्या उडत्या युद्धजहाजाचा मुख्य स्वयंपाकी तामुरा कप्तानाकडे येतो आणि सांगतो, मीठ कमी पडतंय. शत्रू मागावर आहे, माणसं थकलेली आहेत, आणि हा सांगतोय की मीठ मिळालं नाही तर जेवणाचं काही खरं नाही, माणसांच्या अंगातली ताकद जाईल. एवढं मोठं युद्धजहाज मग मिठासाठी मध्य आशियातल्या लोप नूर सरोवराकडे निघतं. 'मीठ संपलं' असं तोंडानं म्हणायचं नाही, असं माझी आजी बजावायची. डबा तळाला गेला की तिचा चेहरा उतरायचा. तोच चेहरा मला तामुराच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांत दिसला. रोबोच्या मालिकेत कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावलं होतं. माझं खरं उत्तर तिथून सुरू होतं.

याआधीच्या रोबो मालिकांची रीत वेगळी होती. १९७२च्या 'माझिंगर झेड'सारख्या मालिकेत नायकाचा रोबो जवळजवळ देव असायचा. दर आठवड्याला नवा राक्षस येणार आणि हा त्याला लोळवणार. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी गंडममध्ये रोबोला सैन्याचं सामान केलं. त्याला नावही 'मोबाइल सूट' असं, एखाद्या शस्त्राच्या नोंदीत शोभावं तसं. शत्रूचे 'झाकू' नावाचे रोबो कारखान्यात ओळीनं तयार होतात, त्यांच्या गोळ्या संपतात, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीला माणसं कमी पडतात. कारखान्यात दिवस घालवून आलेल्या बाईला हे लगेच पटलं. १८ मीटर उंचीचं यंत्र असलं तरी त्याला कुणीतरी तेलपाणी करावंच लागतं.

कथा थोडक्यात सांगते. माणसांची संख्या पृथ्वीला पेलवेना, म्हणून अवकाशात प्रचंड दंडगोल बांधून त्यात माणसं वसवली. ही कल्पना १९७०च्या दशकात जेरार्ड ओनील या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं मांडलेल्या वसाहतींवरून आलेली आहे. या दंडगोलांच्या आतल्या भिंतीवरच शेतं, रस्ते, घरं. वर पाहिलं की आभाळाच्या जागी दुसऱ्यांची गावं दिसतात. त्यातली सर्वांत दूरची वसाहत स्वतःला झिऑन म्हणवून पृथ्वीच्या सरकाराविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध पुकारते, आणि पहिल्या महिन्याभरातच दोन्ही बाजू मिळून निम्मी मानवजात मारून टाकतात. हे आपल्याला निवेदक सुरुवातीलाच सांगतो, आणि त्यानंतरचं वाक्य मी वर्गात आजही फळ्यावर लिहिते: माणसं आपल्याच करणीनं भेदरली. मालिका या भेदरल्यानंतरच्या दिवसांची आहे. विजयाची घाई कुणालाच उरलेली नाही, पण थांबायचं कसं तेही कुणाला माहीत नाही.

अशात आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा, वसाहतीवर झिऑनचा हल्ला झाल्यावर, वडिलांनी घडवलेल्या गंडम या रोबोत चढतो. हातात माहितीपुस्तिका धरून तो ते यंत्र चालवायला शिकतो. शेजारच्या फ्राऊची आई आणि आजोबा त्याच सकाळी तिच्या डोळ्यांदेखत जातात. उरलेले निर्वासित आणि अर्धवट शिकलेली पोरं 'व्हाइट बेस' या जहाजावर चढतात. कप्तान ब्राइट १९ वर्षांचा. जहाजावर म्हातारी माणसं आहेत, तान्ही मुलं आहेत, काट्झ, लेट्झ आणि किक्का ही तीन अनाथ चिमुरडी आहेत. त्या सगळ्यांना रोज जेवायला लागतं.

लढायांपेक्षा मला आठवतात ती जेवणं. एकोणिसाव्या भागात आमुरो रुसून जहाज सोडून पळालेला असतो, वाळवंटातल्या एका खानावळीत एकटा बसलेला. तिथे शत्रूचा एक सेनानी, रांबा राल, आपल्या माणसांसह येतो. त्याची सोबतीण हामोन या पोराकडे पाहून म्हणते, यालाही वाढा. आमुरो ताठपणे नकार देतो: मी भिकारी नाही. रालला हा बाणेदारपणा आवडतो. मग फ्राऊला पकडून आणतात, आमुरोच्या झग्याखालचं पिस्तूलही रालला दिसतं, आणि तरी तो दोघांना जाऊ देतो, एवढंच सांगून की रणांगणावर असं होणार नाही. पुढे रणांगणावर तसं होतही नाही. दोघं आपापल्या यंत्रांत बसून एकमेकांना फाडतात, फुटलेल्या पत्र्यातून एकमेकांचा चेहरा दिसतो, आणि दोघेही ओळखतात. एका ताटावरून तोंडओळख झालेल्या माणसाला मारायचं म्हणजे काय, हे त्या आठवड्यात टीव्हीसमोर बसलेल्या जपानी मुलांना दाखवलं गेलं. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात घडणारे दोन भाग मी क्वचितच पुन्हा पाहते, कारण पाहवत नाहीत. मिहारू नावाची तरुण मुलगी, आईवडील नाहीत, पाठची दोन भावंडं. पोट भरायला ती झिऑनसाठी हेरगिरी करते. जहाजावरच्या पोरांपैकी एक, जहाज सोडून निघालेला काई, तिच्या घरी राहतो. ती हेर आहे हे त्याला कळतं, घरातली पोरं कळतात, आणि तो जाणूनबुजून जहाजाची थोडी माहिती तिच्या कानावर घालतो, तिचे पैसे सुटावेत म्हणून. नंतर ती जहाजावर शिरते. आपण दिलेल्या बातमीनं इथली लहान मुलंही मरतील हे डोळ्यांनी बघते, आणि मग काईच्या बाजूनं लढायला उभी राहते. क्षेपणास्त्र हातानं सोडावं लागतं. त्याच्या झोताबरोबर ती विमानातून समुद्रावर फेकली जाते. मोठं भाषण नाही, संगीताचा कल्लोळ नाही. काई मागे वळून बघतो तर ती तिथे नसते. तिची भावंडं बेलफास्टमध्ये वाट बघत असणार, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

हे असं मालिकाभर आहे. आठव्या भागात एक आई मुलाला घेऊन आपल्या गावी, सेंट आंजला, निघालेली असते. शत्रूच्या टेहळणी विमानातले दोन सैनिक त्यांच्यासाठी खाण्यापिण्याचं गाठोडं टाकून देतात. शेवटी तिला कळतं की ती उभी आहे तेच तिचं गाव होतं. तेराव्यात आमुरो आईला भेटतो. झडती घ्यायला आलेल्या सैनिकावर तो पांघरुणाखालून गोळी झाडतो, आणि आई भेदरून म्हणते, त्यांनाही लेकरंबाळं असतील रे. आई बरोबर आहे. गोळी झाडली नसती तर तो मेला असता, हेही बरोबर आहे. आमुरो तिचा निरोप घेताना सलाम ठोकतो, सैनिकासारखा. आईला सलाम! मराठी कानाला ते जितकं परकं वाटतं तितकंच जपानी कानालाही वाटतं, असं माझ्या त्या सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं.

भाषेबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शत्रूपक्षातला मुखवट्याचा योद्धा शार, 'लाल धूमकेतू', आपल्या वडिलांच्या खुनाचा सूड म्हणून आपल्याच बाजूच्या राजपुत्राला, गार्माला, दगा देऊन मरू देतो. गार्माच्या अंत्यविधीत त्याचा मोठा भाऊ गिरेन लाखो लोकांपुढे गरजतो: माझा भाऊ, तुमचा लाडका गार्मा मेला. का? दूर एका मद्यालयात एकटा बसलेला शार पडद्याकडे बघत पुटपुटतो, "बोया दाकारा सा." 'बोया' म्हणजे बाळ, सोन्या, थोरामोठ्यांच्या घरचा लाडावलेला पोरगा. "बाळ होता ना तो, म्हणून" हे माझं पहिलं भाषांतर. नंतर "लाडोबा होता, म्हणून" केलं. अजून समाधान नाही. चार शब्दांत तिरस्कार आहे, थोडी कीवही आहे, आणि वडिलांच्या मायेला मुकलेल्या मुलाचा मत्सर आहे, असं मला वाटतं.

आता उणिवा. चित्रं सगळीकडे सारखी नाहीत. पात्रं रेखाटणारे योशिकाझु यासुहिको मालिका चालू असतानाच आजारी पडून इस्पितळात गेले, आणि शेवटच्या टप्प्यात ते जाणवतं. खर्च उचलणारी कंपनी खेळण्यांची होती, त्यामुळे मध्येच जोडता-सोडता येणारी विमानं कथेत घुसतात. तरी खेळणी खपेनात, प्रेक्षकही कमी, म्हणून ठरलेले ५२ भाग ४३वर आणून जानेवारी १९८०मध्ये मालिका गुंडाळली. गंमत त्यानंतर घडली. पुनःप्रक्षेपणांतून लोकांना ती सापडली. जुलै १९८०मध्ये बांदाई कंपनीनं ३०० येनांना जोडणीचं छोटं मॉडेल आणलं आणि मुलांची झुंबड उडाली. ती शत्रूचे झाकूही तितक्याच प्रेमानं जोडू लागली. १९८१ आणि ८२मध्ये मालिकेतूनच तीन चित्रपट बेतले गेले. घाई असेल तर ते बघा, पण खानावळी आणि मीठ यांना मालिकेतच खरी जागा आहे.

शेवटच्या भागांत शारच्या बाजूनं लढणारी ललाह येते. सावळी, कपाळावर टिकलीसारखी खूण असलेली. आपल्याकडच्या प्रत्येकाची नजर तिच्यावर थांबते. ती आणि आमुरो दोघेही 'न्यूटाइप', न बोलता एकमेकांचं मन कळणारे. ही कल्पना मला मालिकेतली सर्वांत कच्ची वाटत आली आहे, आणि भारतीय वळणाच्या मुलीला गूढपणा चिकटवणं मला खटकतंही. पण ऐन लढाईत ती आमुरोला जे विचारते ते कच्चं नाही. ती म्हणते, तुला राखायला काही नाही. गाव नाही, घरचं माणूस नाही. मग तू का लढतोस? आमुरोकडे उत्तर नसतं. वडील भेटलेले असतात, पण श्वास कोंडून डोकं बिघडलेले, मुलाला जुनाट निरुपयोगी भाग देऊन 'हा गंडमला लाव' म्हणणारे. आईला सलाम करून झालेला. थोड्याच वेळात, शारला वाचवायला मध्ये आलेली ललाह त्याच्याच हातून मरते, आणि तिचा प्रश्न त्याच्याकडे तसाच राहतो.

शेवटच्या भागात गंडमचं डोकं उडालेलं असतं, हात तुटलेला, ते यंत्र टाकून द्यावं लागतं. झिऑनचा अवकाशातला किल्ला जळतोय. आमुरो मनोमन जहाजावरच्या एकेकाला बाहेरची वाट दाखवतो. सगळे वाचतात, तो मात्र आत राहतो. बाहेर अवकाशात छोट्या होडीत सगळे जमलेले असतात, आणि आता कुणालाच त्याचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतो तो तिघा चिमुरड्यांना. ज्यांना जहाजभर पळू नका, मध्ये येऊ नका म्हणून सगळे ओरडायचे, तीच काट्झ, लेट्झ आणि किक्का बोट दाखवून सांगतात, तिथून येतोय, तिथून. आणि ज्वाळांतून त्याचं छोटं विमान बाहेर पडतं. होडीत हात पसरून उभ्या असलेल्या माणसांकडे तरंगत जाताना तो म्हणतो, मला अजून परतायला जागा आहे. याहून मोठा आनंद नाही.

नागोयातल्या त्या खोलीत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पुण्यात साडेदहा. आई जागी असेल म्हणून मी फोन लावला. ती म्हणाली, एवढ्या रात्री? जेवलीस का?