एस्टोनिया: सरासरीत न मावणारा देश

एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे पावणेचौदा लाख आहे आणि त्यातील जवळजवळ निम्मे लोक राजधानी टॅलिन व तिच्या भोवतालच्या हार्यू परगण्यात राहतात. 2021च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 69 टक्के एस्टोनियन आणि 24 टक्के रशियन वंशाचे लोक आहेत. मात्र या प्रमाणात मिसळलेली वस्ती तिथे क्वचितच आढळते, कारण पश्चिमेकडील हीउमा बेटावर जवळपास सगळेच एस्टोनियन आहेत, तर रशियाच्या सीमेवरील नार्वा शहरात दहांपैकी जवळजवळ नऊ जण रशियन वंशाचे आहेत.

नार्वाची ही स्थिती फार जुनी नाही. महायुद्धापूर्वी तिथे एस्टोनियनच बहुसंख्य होते. 1944 मध्ये शहर बेचिराख झाले, आधीच हलवलेल्या रहिवाशांपैकी बहुतेकांना देश ताब्यात घेतलेल्या सोव्हिएत प्रशासनाने परतू दिले नाही आणि खाणी, वीजकेंद्रे व कापडगिरण्यांसाठी रशियातून कामगार आणून वसवले. 1934 मध्ये देशात 88 टक्के असलेले एस्टोनियन 1989 पर्यंत साडेएकसष्ट टक्क्यांवर आले, यामागे अशा वसाहतींबरोबरच युद्धातील हानी आणि 1941 व 1949 मधील हद्दपारीही होती.

त्यानंतर हे प्रमाण पुन्हा वाढले, त्याचा आनंद मात्र जपूनच मानावा, असे मला वाटते. 1989 मध्ये 9 लाख 63 हजार असलेले एस्टोनियन आता 9 लाख 20 हजारांच्या आसपास आहेत. रशियन भाषकांचे देशाबाहेर स्थलांतर अधिक झाले, म्हणून टक्केवारी वर गेली.

‘रशियन’ या एका रकान्यातही दोन निराळे इतिहास दडलेले आहेत. पेइप्सी सरोवराच्या पश्चिम काठावर, एकाच लांब रस्त्यालगत वसलेल्या गावांत, घराशेजारी उंच वाफे करून कांदा पिकवणारे ‘जुन्या श्रद्धेचे’ ख्रिस्ती (रशियन चर्चमधील सुधारणा न मानणारे) धार्मिक छळामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे येऊन राहिले. 1992 मध्ये नागरिकत्वाचा कायदा पुन्हा लागू झाला, तेव्हा 1940 पूर्वीच्या, म्हणजे सोव्हिएत ताब्याआधीच्या, नागरिकांचे वंशज म्हणून त्यांचा हक्क आपोआप मान्य झाला. नार्वातील गिरणी कामगाराला मात्र त्यासाठी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि जे ती देऊ शकले नाहीत आणि ज्यांनी रशियाचे नागरिकत्वही घेतले नाही, त्यांच्या हाती कोणत्याच देशाचे नागरिक नसलेल्यांचा राखाडी पासपोर्ट आला.