डब्याला पोचे पाडताना : मॉडेल मालगाडीचा माझा अनुभव

गंज, धूळ, उन्हाने विटलेला रंग, पावसाचे ओघळ हे सगळं मॉडेलच्या डब्यावर दाखवणं मला लवकर जमलं. त्यावर लोकांनी भरभरून लिहिलंय आणि ते बरोबरही आहे. मला छळलं ते पोच्यांनी. एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा, एक गोंडोला डबा (वरून उघडा, बाजूंना भिंती असलेला मालडबा) भंगार वाहून वाहून खिळखिळा झालेला दाखवायचा होता. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर यायचं, "तापवा आणि दाबा." या सल्ल्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण त्यात मुख्य गोष्टच सांगितलेली नसते.

खऱ्या डब्याला पोचे कसे येतात ते आधी बघा. क्रेनचा चुंबक किंवा पंजा लोखंडाचे जड तुकडे वरून सोडतो, ते आतून भिंतीवर आदळतात. उभ्या फासळ्यांपाशी पत्रा धरलेला असतो, त्यामुळे दोन फासळ्यांच्या मधला भाग बाहेर फुगतो. म्हणजे गोंडोलाच्या बाजूंवर बाहेरून दिसतात ते बहुतेक फुगवटे. वरची कड मात्र पंज्याचे धक्के खाऊन आतबाहेर वाकलेली असते. हे लक्षात न घेता बाहेरून टोचे मारलेले कितीतरी डबे दिसतात. रंगकाम सुरेख असलं तरी डबा खोटा वाटतो तो यामुळेच.

आता तापवण्याचं. मॉडेलचे डबे बहुतेक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात आणि ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० अंशांच्याही पुढे असतं. ते टेकवलं की वरचा थर वितळून चिकटतो आणि आतला भाग कडकच राहतो. गरम हवेचा झोत सोडला तर फासळ्यांसकट अख्खी भिंत लोळते, आणि खऱ्या डब्यात तर फासळ्या बऱ्यापैकी सरळ राहिलेल्या असतात. उष्णता कमी ठेवली तर भिंत हाताखाली वाकते, हात काढला की पुन्हा सरळ. या तीन टोकांमध्ये मी किती संध्याकाळी घालवल्या! दरवेळी वाटायचं, तापमान जरा चुकतंय. पण तापमानाचा दोष नव्हताच. अडचण जाडीची होती.

एक साधा गुणाकार करा. मॉडेलच्या भिंतीची जाडी सुमारे १ मिलिमीटर. तिला ८७ ने गुणलं की खऱ्या डब्याच्या मापात ती ८७ मिलिमीटर होते. खरा पत्रा असतो जेमतेम काही मिलिमीटरचा. जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर जाड भिंतीला पोचा येईलच कसा? म्हणून आधी भिंत आतून पातळ करायची आणि मगच उष्णतेचा विचार करायचा. एवढं एक वाक्य कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर!

पातळ करण्यासाठी लहान रोटरी टूल आणि गोल डोक्याचं बर (टूलला लावायचं खरवडणारं टोक) घ्या. वेग अगदी कमी ठेवा. वेग वाढला की घर्षणाने प्लास्टिक वितळून बरवर गोळा होतं. फक्त दोन फासळ्यांमधली जागा खरवडायची, फासळीच्या मागची जाडी तशीच सोडायची. मधूनमधून डबा दिव्यासमोर धरा. भिंत पातळ होत गेली की उजेड आरपार दिसायला लागतो. कुठे जास्त खाल्लं गेलंय, कुठे अजून जाड आहे ते लगेच कळतं. पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान थांबा. आतली बाजू ओबडधोबड होईल, होऊ द्या. भंगार वाहणाऱ्या डब्याचा आतला भाग गुळगुळीत नसतोच. मास्क लावा, प्लास्टिकची बारीक पूड उडते. तापवताना खिडकीही उघडी हवी.

त्यानंतर गोल टोकाची पोलादी सळई आयर्नला टेकवून कोमट-गरम करायची. आयर्न स्वतः डब्याला लावायचं नाही. आधी टाकाऊ प्लास्टिकवर बघा : ठसा उमटला पाहिजे, पण वितळलेल्या प्लास्टिकची तार सुटता कामा नये. डब्याच्या बाहेरून फासळ्यांना लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या, फुगवट्याची जागा मोकळी ठेवा, आतून सळई दाबा आणि प्लास्टिक थंड होईपर्यंत हात हलवू नका. मोठा फुगवटा एका दाबात काढू नका, थोडा थोडा वाढवा. माझा पहिला नीट फुगवटा बसला तेव्हा मी डबा खिडकीत नेऊन तिरक्या उजेडात कितीतरी वेळ फिरवून बघत होतो. फार आनंद झाला होता.

सगळे कप्पे सारखे फुगवू नका. एखादा जवळपास सपाट, शेजारचा चांगलाच पोट सुटलेला, असं हवं. वरची कड वाकवण्यासाठीही ती आधी आतून घासून बारीक करावी लागते.

लिक्विड सिमेंट (प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद) आतून फासून प्लास्टिक मऊ करायची दुसरी पद्धत आहे. तिने काम होतं, पण ते पुन्हा कडक व्हायला फार वेळ लागतो आणि मला तेवढा धीर नाही.

हे आधी सांगायला हवं होतं : बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), कपलर (डबे जोडणारा आकडा) आणि लोखंडी वजनाची पट्टी सुरुवातीलाच काढून ठेवा. पट्टी परत बसवताना डबा तोला. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओमध्ये १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे ६ इंची डब्याला ४ औंस, सुमारे ११३ ग्रॅम. उघड्या डब्यात वजन लपवायला जागा नसते, त्यामुळे कमी पडलं तर भंगाराच्या ढिगाखाली घाला.

आणि पोचे रंगाच्या आधी, नेहमीच. गंज फुगवट्याच्या माथ्यावर, जिथे रंग फुटतो, तिथून सुरू होतो आणि खाली ओघळतो. जुना गंज गडद तपकिरी, नवा नारिंगी. नारिंगी अगदी थोडा. आतून मात्र सगळीकडे गंजच, कारण तिथे रंग टिकतच नाही. गंज दाखवायला लावलेल्या रंगाच्या कोरड्या पावडरवर मॅट वार्निश मारलं की निम्मी पावडर दिसेनाशी होते, म्हणून आधीच थोडी जास्त लावा. मॅट वार्निशवर अल्कोहोल लागलं तर बऱ्याचदा पांढुरकी झाक येते. विटलेल्या रंगासाठी ती मुद्दाम वापरता येते, पण काळ्या बोगीवर वाईट दिसते.

चाकांचा रुळावर टेकणारा भाग चकचकीत ठेवा. चाकाची बाहेरची बाजू रोलर बेअरिंगच्या डब्याला गंजलेली, आणि जुन्या तेलपेटीच्या बेअरिंगच्या डब्याला काळी, तेलकट. कपलरमध्ये पावडर जाऊ देऊ नका, तो अडकायला लागतो.