कोंबड्या कुणी पकडल्या?

रविवारी दुपारी भाचा झेल्डा या गेममालिकेतला विंड वेकर खेळत होता आणि मी मागे आडवा पडलेलो. सुरुवातीला जुनी चित्रं सरकतात, फार वर्षांपूर्वी हिरव्या कपड्यातला एक पोरगा आला, त्याने दुष्टाला गाडलं वगैरे, तर हा म्हणतो मामा हे स्किप कसं करायचं? अरे स्किप काय, तो पोरगा म्हणजे मीच की! ऑकारिना ऑफ टाइम, मालिकेतला आधीचा, 1998 चा गेम, त्यात तो पोरगा मीच चालवलेला. आमच्याकडे खरा कन्सोल कुठला, कॉम्प्युटरवर एम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून कीबोर्डवरच सगळा पराक्रम. भाचा "हो का" म्हणाला आणि बटणं दाबत राहिला.

पुढे त्या बेटावर पद्धतच असते, पोरगा त्या वीराच्या वयाचा झाला की तसलेच हिरवे कपडे घालायचे. आजी कपडे पुढे करते आणि पोराचं तोंड एवढंसं. आजच्या दिवस घाल रे बाबा, म्हणते ती. मुंजीत मला जो जरीचा कुर्ता घातलेला त्याने मान सोलून निघाली होती, आणि आमची आजीसुद्धा अगदी हेच म्हणालेली.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दंतकथेत कोंबड्या नाहीत! ऑकारिनात काकारिको गावात एक बाई असते, कोंबड्या पाळते आणि तिला कोंबड्यांचीच ॲलर्जी. तिच्या सुटलेल्या कोंबड्या एकेक धरून आणायच्या, मग ती एक रिकामी बाटली देते. त्यातल्या एकीला तलवारीने जास्त डिवचलं की आख्खा कळप अंगावर येतो, तेव्हा तो थोर वीर कसा पळत सुटतो हे मी पाहिलंय. लोकांच्या घरात घुसून त्यांच्यादेखत मडकी फोडली ती वेगळीच. विंड वेकरमध्ये बुडालेल्या किल्ल्यात त्याचा मोठा पुतळा उभा केलाय, पण मडक्यांचा कुठे उल्लेख नाही.

पोकेमॉनवाल्यांनी हे बरं जमवलं. त्यांच्या गोल्ड-सिल्व्हर गेममध्ये सगळं संपवून माउंट सिल्व्हर डोंगरावर जा, तिथे आधीच्या गेममधला आपलाच हिरो, रेड, उभा असतो. बोलतो काय, तर नुसती टिंबं. मग 81 लेव्हलचा पिकाचू काढून धुलाई. हरला की गायब. गप्प बसलेला हिरो मला जास्त खरा वाटतो, कारण आपण खेळताना तरी कुठे काय बोलत होतो.

आणि झेल्डाच्याच ट्वायलाइट प्रिन्सेस गेममध्ये एक चिलखतातला सांगाडा येतो, नव्या लिंकला (झेल्डातल्या हिरोचं नाव लिंकच) तलवारीचे डाव शिकवतो. तो सांगाडा म्हणजे ऑकारिनावाला वीरच, असं नंतर झेल्डावरच्या हायरूल हिस्टोरिया पुस्तकात सांगून टाकलंय. ऑकारिनाच्या शेवटी त्याला परत लहानपणात पाठवलं ना, मग ती लढाई त्या जगात झालीच नाही, वीर म्हणून कुणी ओळखलंच नाही, त्याची खंत घेऊन हा भटकतोय. हे वाचलं तेव्हा जरा चरकलोच. म्हणजे साक्षीदार कोण, तर मी. आणि मी तर निम्मा वेळ त्याला तळ्यावर मासे धरायला बसवलेलं.