सी अक्षावरील मिलिंग: एफ ठरवण्याआधी वेळ काढावी

लेथच्या सी अक्षावर, म्हणजे दांडा अंशांच्या हिशेबाने फिरवणाऱ्या अक्षावर, सरळ आणि वर्तुळाकार खाचा पाडण्याचे काम मार्गी लागले असून आता ४० मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर सर्पिल खाचा घेण्यास सुरुवात केली आहे. एंड मिल (खाच पाडणारा फिरता कटर) ६ मिमीची व तीन दातांची आहे. तिचे फेरे मिनिटाला ६००० ठेवले आणि प्रत्येक दाताला ०.०२ मिमी चिप (एका दाताने कापायचा थर) धरली, की पृष्ठभागावरील फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ३६० मिमी येतो. इथवर सारे साध्या मिलिंगसारखेच आहे.

फक्त सी अक्ष फिरत असेल, तर एफचा (प्रोग्रॅममध्ये लिहायच्या फीडच्या आकड्याचा) अर्थ अंश प्रतिमिनिट असा होतो. ४० मिमी व्यासाचा परीघ १२५.६६ मिमी असल्यामुळे फीडला ३६० ने गुणून परिघाने भागले, की १०३१ हा आकडा मिळतो. व्यास बाहेरचाच धरावा, असे माझे मत आहे. २ मिमी खोल खाचेच्या तळाशी फीड आपोआप ३२४ मिमीवर उतरतो आणि कटरवर जादा भार येत नाही. ११४.६ मिमी व्यासावर एक अंश म्हणजे जवळजवळ नेमका एक मिमी होत असल्याने तिथे हा हिशेब करावाच लागत नाही, पण असा सोयीचा जॉब क्वचितच हाती येतो.

खरी गुंतागुंत झेड (दांड्याच्या लांबीच्या दिशेचा अक्ष) आणि सी एकत्र चालू लागले की होते. माझ्या खाचेत झेड २० मिमी सरकतो, तेवढ्यात सी ९० अंश फिरतो, कंस ३१.४२ मिमीचा आणि प्रत्यक्ष मार्ग ३७.२४ मिमीचा. काही कंट्रोलर अंश आणि मिलिमीटर एकाच मापाचे समजून दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात, त्यामुळे त्यांच्या लेखी हे अंतर ९२.२ होते आणि एफ ३६० दिल्यास कटर मिनिटाला जेमतेम १४५ मिमी वेगाने, कापण्याऐवजी घासत जातो. लिनक्ससीएनसी हे कंट्रोलर सॉफ्टवेअर मात्र जी९४ मध्ये (फीड प्रतिमिनिट मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) रेषीय अक्ष हलत असल्यास एफ केवळ त्यांनाच लावतो, म्हणून तीच ओळ तिथे ६७० मिमी वेगाने पळते आणि दाताला ०.०३७ मिमी चिप येते. झेडची सरक जितकी कमी, तितका हा धोका अधिक.

म्हणून मी आधी वेळ काढतो: ३७.२४ भागिले ३६० म्हणजे ०.१०३४ मिनिट, सुमारे ६.२ सेकंद. ती हाती आली, की पहिल्या प्रकारच्या कंट्रोलरला एफ ८९१ आणि लिनक्ससीएनसीला १९३ द्यावा लागतो. जी९३ ही फीडची दुसरी पद्धत वापरल्यास दोन्हीकडे ९.६७ हाच आकडा चालतो, कारण तिथे एफ म्हणजे मिनिटातील वेळेचा व्यस्त. जी९३ मध्ये कापणाऱ्या प्रत्येक ओळीवर एफ लिहावाच लागतो. हाताने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल, तरी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

जॉब न लावता हवेत चालवून स्टॉपवॉचने ही वेळ पडताळता येते. वेग घेण्यात व उतरवण्यात किंचित भर पडते, पण आकडा दुपटीने चुकला असेल तर लगेच कळते. कापल्यानंतर सर्पिल खाचेच्या भिंतीवरील दातांच्या खुणा शेजारच्या सरळ खाचेतल्या खुणांइतक्याच अंतरावर आल्या आहेत.

पुढे दांड्याच्या तोंडावर मिलिंग करायचे आहे. तिथे कटर केंद्राकडे सरकेल तसा त्याच फीडसाठी सी अधिकाधिक जलद फिरावा लागतो. माझ्या सी अक्षाची कमाल गती मिनिटाला १० फेरे असल्यामुळे ५.७ मिमी त्रिज्येच्या आत ३६० मिमीचा फीड टिकणार नाही, आणि तेवढ्या भागापुरते एंड मिलचे फेरेही त्याच प्रमाणात उतरवावे लागतील.