शिकागोचे ‘आउटफिट’ : रूझवेल्ट रोडवरून चालत जाऊ नका

शिकागोतील अल कपोन आणि त्याच्या ‘आउटफिट’ या गुन्हेगारी टोळीचा इतिहास प्रत्यक्ष जागांवर जाऊन पाहण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात. फॉरेस्ट पार्क स्थानकापासून माउंट कार्मेल दफनभूमीपर्यंत चालत जाऊ नये, आणि शहरात ठिकठिकाणी विकल्या जाणाऱ्या ‘गुन्हेगारी इतिहासा’च्या बस-सहलीचे तिकीट काढू नये. मी आणि माझ्या भाच्याने फेब्रुवारीत लागोपाठच्या दोन दिवसांत या दोन्ही चुका केल्या. सहलीत पैसे गेले, चालण्याने माझा उजवा गुडघा आठवडाभर धरला होता.

आधी सहलीविषयी. १४ फेब्रुवारी हा १९२९ च्या ‘सेंट व्हॅलेंटाइन डे’ हत्याकांडाचा, म्हणजे कपोनच्या प्रतिस्पर्धी टोळीवरच्या हल्ल्याचा, दिवस असल्याने आम्ही मुद्दाम तोच निवडला. तिकीट प्रत्येकी ४८ डॉलर, त्यावर ९ डॉलर ‘सेवाशुल्क’, आणि उतरताना दारातच पुढे केलेल्या यंत्रावर बक्षिशीची मागणी, जी नाकारणे मागच्या रांगेदेखत अवघड जाते. तेथे १५ डॉलर दिले. दोघांचे मिळून १२० डॉलर झाले आणि दोन तासांत बसमधून खाली उतरायला मिळाले ते जेमतेम वीस मिनिटे. जाहिरातीत ‘कपोनचे मुख्यालय पाहा’ असे लिहिले होते. ते मुख्यालय म्हणजे मिशिगन अव्हेन्यूवरील लेक्सिंग्टन हॉटेल, आणि ते १९९५ मध्ये पाडले गेले. खिडकीतून दाखवली गेली ती त्या जागी उभी असलेली नवी निवासी इमारत. त्याआधीचे मेट्रोपोल हॉटेलही गेले, वाबॅश अव्हेन्यूवरचा ‘फोर ड्यूसेस’ अड्डाही गेला, आणि ज्याच्या दारात ११ मे १९२० रोजी कपोनच्या आधीच्या काळातला टोळीप्रमुख बिग जिम कोलोसिमो याला गोळी घालण्यात आली ते त्याचे उपाहारगृहही गेले. हत्याकांडाचे गॅरेज, २१२२ नॉर्थ क्लार्क स्ट्रीट, १९६७ मध्ये जमीनदोस्त झाले. तेथे आज एका इमारतीच्या शेजारचे हिरवळीचे आवार आहे, आणि ज्या भिंतीपुढे सात जणांना उभे केले होते तिच्या विटा लास व्हेगासच्या संग्रहालयात आहेत. हे सारे तिकीट घेण्याआधी सांगण्यासारखे होते, परंतु कोणी सांगितले नाही.

याहून मोठी तक्रार इतिहासाविषयी आहे. दोन तासांपैकी पंचवीस मिनिटे जॉन डिलिंजरवर खर्च झाली. डिलिंजर हा बँका लुटणारा दरोडेखोर होता आणि १९३४ साली शिकागोत संघीय तपास खात्याच्या (पुढची एफबीआय) माणसांच्या गोळ्यांना बळी पडला, एवढ्यावरून त्याला या टोळीच्या इतिहासात बसवता येत नाही. उरलेला वेळ कपोनचा. कपोनची सत्ता १९२५ साली, त्याचा वरिष्ठ जॉनी टॉरिओ जखमी होऊन शहर सोडून गेल्यावर सुरू झाली आणि १९३१ च्या ऑक्टोबरात प्राप्तिकर बुडवल्याच्या खटल्यात संपली, म्हणजे उणीपुरी सहा वर्षे. ज्या संघटनेला शिकागोत ‘आउटफिट’ म्हणतात ती त्यानंतर पाऊणशे वर्षे चालली आणि तिने शहराचे खरे नुकसान त्या काळात केले. बसमधल्या निवेदकाने ती पाऊणशे वर्षे दोन वाक्यांत गुंडाळली. माझ्या मते ही इतिहास पाहायला आलेल्या माणसाची फसवणूक आहे.

त्या रागातूनच दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच्या पायांवर भरवसा ठेवायचे ठरवले, आणि तेथे आणखी फसलो. माउंट कार्मेल ही दफनभूमी शहराच्या पश्चिमेला हिलसाइड या उपनगरात आहे. मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी केली तेव्हा ‘ब्ल्यू लाइनच्या शेवटच्या स्थानकापासून दहा मिनिटे’ असे उत्तर मिळाले. ती दहा मिनिटे मोटारीची होती हे फॉरेस्ट पार्कला उतरल्यावर कळले. रूझवेल्ट रोडवरून ‘पेस’ या उपनगरी बससेवेची बस जाते, परंतु त्या शनिवारी पुढची बस यायला पाऊण तास होता, उणे अकरा अंश तापमान होते आणि थांब्यावर वाऱ्याला काहीही आडोसा नव्हता. भाचा म्हणाला, “आत्या, सात किलोमीटर तर आहे, राजगडाच्या अर्धेसुद्धा नाही.” आम्ही निघालो.

ज्यांना सह्याद्रीत चालायची सवय आहे त्यांचा अंदाज येथे हमखास चुकतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. रस्ता सपाट आहे, चढ कोठेच नाही. अडचण रस्त्याच्या कडेची आहे. बर्फ हटवणारी यंत्रे रस्त्यावरचा बर्फ पदपथावर ढकलतात, तो दिवसा थोडा वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी त्यावर बुटांच्या खोल खुणा दगडासारख्या घट्ट झालेल्या असतात. पाऊल खळग्यात पडले तर घोटा मुरगळतो आणि कडेवर पडले तर घसरते. डेस प्लेन्स नदीवरच्या पुलावर पदपथ बर्फाखाली संपूर्ण नाहीसा झाला होता, त्यामुळे शंभरएक पावले आम्ही मोटारींच्या बाजूने चाललो, आणि जवळून जाणारा प्रत्येक मालट्रक काळपट, खारट चिखल गुडघ्यापर्यंत उडवत होता. मॅनहाइम रोडचा चौक सर्वांत वाईट. तेथे पादचाऱ्याचा दिवा लागण्याची वाट पाहावी लागते, आणि तो लागल्यावर कोपऱ्यातला कमरेएवढा ढीग चढून उतरेपर्यंत संपतो; तिसऱ्या दिव्याला आम्ही पलीकडे गेलो. दीड तासाचे अंतर चालायला सव्वादोन तास लागले. वाटेत पाहण्यासारखे काहीही नाही. बस नसेल तर टॅक्सी करा, आणि टॅक्सीवाल्याला दफनभूमीच्या रूझवेल्ट रोडकडील फाटकाशीच उतरवायला सांगा.

आत गेल्यावर मात्र हा प्रवास का करावा हे मला कळले, आणि त्यासाठी सव्वादोन तासही वाया गेले असे मी म्हणणार नाही. फाटकाजवळच फ्रँक निटीची उभी शिला आहे. तिच्यावर आडनाव ‘निटो’ असे आहे आणि ‘मृत्यूवाचून जीवन नाही’ अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. कपोननंतर टोळीचा प्रमुख म्हणून वावरलेल्या या माणसाने १९ मार्च १९४३ रोजी नॉर्थ रिव्हरसाइडमध्ये रेल्वेरुळांजवळ स्वतःवर गोळी झाडली, कारण चित्रपट कामगारांच्या संघटनेला हाताशी धरून हॉलिवूडच्या कंपन्यांकडून उकळलेल्या खंडणीच्या प्रकरणात त्याच्यावर आरोपपत्र आले होते. कपोन कुटुंबाची जागा ३५ व्या विभागात आहे. मोठी शिला झुडपांच्या आड असली तरी सापडते, परंतु व्यक्तींच्या शिला जमिनीलगत आडव्या असल्यामुळे त्या बर्फाखाली गेल्या होत्या. मी हातमोज्याने बर्फ बाजूला केला, तेव्हा प्रथम एक गोठलेले नाणे निघाले, मग अर्धवट कुजलेला चिरूट, आणि त्याखाली आकडे दिसले : १८९९, १९४७. फ्लोरिडात मरण पावलेल्या कपोनला आधी दुसरीकडे पुरले होते आणि १९५० मध्ये येथे आणले.

याच जमिनीत कपोनच्या विरोधातल्या, उत्तर भागातल्या टोळीचे प्रमुख डीन ओबॅनियन आणि हायमी वाइस हेही आहेत. ओबॅनियनला १९२४ साली होली नेम कॅथेड्रलसमोरच्या त्याच्याच फुलांच्या दुकानात मारले, वाइसला १९२६ साली त्याच रस्त्यावर. मारणारे आणि मारले गेलेले चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात पडलेले आहेत. १९७५ च्या जूनमध्ये ओक पार्कच्या घरी, तळघरातल्या स्वयंपाकघरात ज्याला गोळ्या घातल्या तो आउटफिटचा एकेकाळचा प्रमुख सॅम जियानकानाही येथेच एका समाधिगृहात आहे. रस्ता ओलांडला की क्वीन ऑफ हेवन दफनभूमी लागते. तेथल्या मोठ्या बंदिस्त समाधिगृहात टोनी अकार्डो आहे. तरुणपणी कपोनचा अंगरक्षक असलेला हा माणूस पुढे चाळीसहून अधिक वर्षे आउटफिटचा खरा सूत्रधार होता आणि १९९२ मध्ये, ८६ व्या वर्षी, नैसर्गिक मृत्यूने गेला. त्याच्या शिलेपाशी कोणी नाणे ठेवलेले नव्हते. शिकागोच्या इतिहासात त्याचे वजन कपोनपेक्षा जास्त आहे, आणि सहल आखणाऱ्याने अकार्डोपासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मी स्वतः सत्र न्यायालयात वकिली केलेली असल्याने मंगळवारची सकाळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि तिला एक पैसाही लागला नाही. डिअरबॉर्न स्ट्रीटवर जेथे आज काल्डरचे तांबडे ‘फ्लेमिंगो’ शिल्प उभे आहे, त्या फेडरल प्लाझाच्या जागी पूर्वी घुमटाची जुनी संघीय न्यायालयाची इमारत होती, आणि तिच्यात १९३१ साली न्यायाधीश विल्कर्सन यांनी ऐनवेळी ज्युरीच बदलून कपोनचा खटला चालवला. कपोनच्या माणसांनी आधीच्या ज्युरींना गाठले असल्याची खबर होती. शिक्षा झाली ११ वर्षांची, दंड ५०,००० डॉलर. समोरच्या फुटपाथवर डर्कसन न्यायालय आहे. त्या इमारतीत २००७ साली ‘फॅमिली सीक्रेट्स’ खटला चालला, ज्यात आउटफिटचे अठरा खून एकत्र मांडले गेले. त्याची सुरुवात एका मुलाच्या पत्राने झाली. फ्रँक कॅलब्रीझ धाकटा आणि त्याचा आउटफिटमधला बाप, फ्रँक कॅलब्रीझ थोरला, एकाच तुरुंगात होते. बाप पुन्हा बाहेर येऊन तेच करील या भीतीने मुलाने १९९८ मध्ये एफबीआयला पत्र लिहिले आणि अंगावर ध्वनिमुद्रक बांधून तुरुंगाच्या आवारात बापाला बोलते केले. काका निक याचा रक्ताळलेला हातमोजा १९८६ च्या एका खुनाच्या जागेजवळ पडलेला होता; डीएनए जुळल्यावर तोही साक्षीला उभा राहिला आणि चौदा खुनांतला स्वतःचा सहभाग त्याने कबूल केला. कॅलब्रीझ थोरला, जोई लोम्बार्डो आणि जेम्स मार्सेलो यांना जन्मठेप झाली. एका रस्त्याच्या दोन कडांवर हे दोन खटले, आणि मध्ये शहात्तर वर्षे. ओळखपत्र दाखवून, तपासणी करून डर्कसनमध्ये कोणालाही खटला ऐकायला बसता येते. आम्ही तासभर बसलो.

या खटल्यात ‘स्ट्रीट टॅक्स’ हा शब्द वारंवार येतो. आपल्याकडे त्याला सरळ हप्ता म्हणतात आणि व्यवहारही तोच : धंदा तुमचा, जागा तुमची, पण दर महिन्याला पाकीट द्यायचे. दक्षिणेकडच्या ब्राँझव्हिलमध्ये तर हे अधिकच ओळखीचे वाटते. तेथे कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी चालवलेला ‘पॉलिसी’ हा आकड्यांचा जुगार होता, फिरत्या चक्रातून आकडे काढायचे, म्हणजे आपला मटकाच. १९४६ मध्ये त्यातला सर्वांत श्रीमंत एडवर्ड जोन्स याचे अपहरण झाले, खंडणी देऊन सुटल्यावर तो मेक्सिकोला निघून गेला आणि धंदा आउटफिटने गिळायला सुरुवात केली. नकार देणारा टेडी रो १९५२ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला. बसने या वस्तीत चाकही घातले नाही. ग्रीन लाइनने ४७ व्या रस्त्यावर उतरा आणि दिवसाउजेडी चाला. पाटी नाही, खूण नाही, तरी जा.

उरलेले थोडक्यात. टेलर स्ट्रीटवर जेवण चांगले मिळाले. ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये संगीत उत्तम होते. होली नेम कॅथेड्रलच्या कोनशिलेवरच्या गोळ्यांच्या खुणा दाखवतो असे कोणी म्हणाले तर थांबू नका, आम्हाला एकही दिसली नाही. प्रेअरी अव्हेन्यूवरचे कपोनचे घर खाजगी आहे. समोरच्या पदपथावरून एकदा पाहावे, फोटोसाठी पायऱ्या चढू नयेत.

शक्य असेल तर एप्रिलनंतर या, म्हणजे आडव्या शिला शोधाव्या लागणार नाहीत. हिवाळ्यातच यावे लागले तर घोट्याच्या वर येणारे, खाली खोल दाते असलेले बूट हवेत, हातमोज्यांचा दुसरा जोड हवा, आणि दफनभूमीची फाटके किती वाजता बंद होतात ते आत शिरतानाच पाटीवर वाचून घ्यावे. परतीच्या बसची वेळही तेव्हाच पाहून ठेवावी. आम्ही ती पाहिली नव्हती, आणि त्याच रूझवेल्ट रोडच्या थांब्यावर पस्तीस मिनिटे उभे होतो.