मापात पाप नको

आबांची किडनी बंद पडलीय म्हटल्यावर मला वाटलं, आता सगळं मशीन आणि मोठे डॉक्टर बघतील. पुढचे अकरा दिवस माझ्या हातात होता एक पेन, मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणि सिस्टरनी दिलेला तक्ता. डावीकडे पोटात गेलेलं, उजवीकडे बाहेर आलेलं.

आमचं गाव भोगावतीकाठचं. आबांना दोन दिवस उलट्या-जुलाब चालले होते. त्यात गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, मेडिकलमधनं आणलेल्या, रोज दोन. गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लागलं, पोट थांबलं. लघवी होतीय का, हे ना तिथं कुणी विचारलं ना मी. तिसऱ्या दिवशी आबाच सहज बोलून गेले, "कालपासनं लघवीलाच गेलो न्हाई."

कोल्हापुरात आणलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळेनाशी झाली की रक्तात साचणारा कचरा, 6.8 आणि पोटॅशियम 6.1. लगेच ईसीजी काढला, कारण पोटॅशियम वाढलं की धोका हृदयाला. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. लाईटबिलाच्या पिशवीत दोन महिन्यांपूर्वीचा सापडला, त्यात क्रिएटिनिन 1.0 होतं. म्हणजे दुखणं जुनं नाही, आत्ताचं. सुधारायला वाव आहे. अंगातलं पाणी गेलं, प्रेशर घसरलं आणि किडनीकडे रक्त नेणारी नळी त्या गोळ्यांनी आणखी आवळली, असं त्यांनी समजावलं. तो चुरगळलेला कागद मी आता लॅमिनेट करून ठेवलाय.

मानेत नळी घालून दोनदा डायलिसिस झालं. त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी बाहेर बाकड्यावर होते.

खरी कसोटी वॉर्डात. आबांचं वजन 62 किलो, म्हणून तासाला निदान तीसेक मिली लघवी हवी. पहिल्या रात्री पिशवीत तासाला दहा मिलीसुद्धा उतरत नव्हती. पाणी किती द्यायचं? कालची लघवी अधिक साधारण 500 मिली. त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोटही आला. तोंडाला कोरड पडली की मी ओला गॉज ओठांवरून फिरवायची. आबा माझ्याकडे असं बघायचे की मान खाली घालावी लागायची.

चौथ्या दिवशी काका तीन शहाळी घेऊन आले. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, ही आपली रीतच. सिस्टरनी दारातच अडवलं, "काका, कशाला आणलासा हे? ह्यात पोटॅशियम असतंय. ह्यांना थेंबभर पण नको." काका फुगले ते फुगलेच. एक शहाळं मी जिन्यात बसून प्यायले, खोटं कशाला बोलू.

सकाळी सहाला वजन. रोज तोच काटा, तसेच कपडे. पाचव्या दिवशी ते 900 ग्रॅमनी वाढलं. सिस्टरनी एकदा तक्ता बघितला, एकदा आबांचे पाय दाबून सूज बघितली. "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कागदावर एवढं गेलेलंच नाही, आबा." आबा छताकडे बघत राहिले. शेजारच्या कॉटच्या पाहुण्यांची बाटली रात्री रिकामी झाली होती.

आबांनी गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं माप घातलंय. सिस्टरना ते ठाऊक होतं, की अंदाजानं बोलल्या कोण जाणे: "दुधाचा हिशेब असा लिहिला असता तर?" त्या दिवसापासून पेन आबांकडे. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाल्यावर तर मापाचा मग डोळ्यासमोर धरून, रेघेला रेघ लावून मला सांगायचे, "240 लिही. 250 न्हाई."

आठव्या दिवशी लघवी साडेतीन लिटरवर गेली. मी पेढ्याचं बोलायला लागले, तर सिस्टरांचा चेहरा गंभीरच. किडनी आता पाणी सोडतेय, पण किती धरायचं हे तिला अजून उमगत नाही. आता अंग कोरडं पडायची आणि पोटॅशियम उतरायची भीती. कालपर्यंत घोट मोजणाऱ्या आम्ही आता मागे लागून पाणी पाजू लागलो, बसवून-उभं करून प्रेशर बघू लागलो. "तुमचं काय ते एक ठरवा की," आबा वैतागले.

घरी सोडताना क्रिएटिनिन 1.7 होतं. विचारल्याशिवाय अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर घरी न थांबता दाखवायचं, एवढं बजावलं. महिन्यानं तपासणीत 1.2 आलं. आबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, शहाळं चालेल का. पोटॅशियम ठीक होतं, चालेल म्हणाले. दसरा चौकात गाडी थांबवायला लावली आणि शहाळं फोडणाऱ्याला म्हणाले, "ग्लासात वत. बघू तरी किती भरतंय."