तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मेलंच ना शेवटी ते देवमाशाचं पिल्लू?’

हो, मेलं. गणपतीपुळ्याला दर्शन उरकून माझ्याकडे जेवायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी सोलकढी पिता पिता हे विचारतंच, आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, ‘मग एवढा आटापिटा कशाला केलात?’ वाढपाच्या गडबडीत मी आजवर ‘प्रयत्न तर करायला हवा ना’ म्हणून सुटत आलो. ते उत्तर माझं मलाच पुरत नाही.

2023च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ते पिल्लू इथल्या किनाऱ्याला लागलं. वनखातं, तटरक्षक दल, बोटी हे सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलंत. अमावास्येचं उधाण होतं, म्हणजे भरतीला पाणी चांगलं चढणार, तेवढीच आशा. तोवर त्याला ओलं ठेवायचं. पाण्याबाहेर या जनावराचं स्वतःचंच वजन फुप्फुसांवर बसतं, आणि कातडीखालची चरबी अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. म्हणून ओली फडकी, बादल्या. श्वासाचं भोक डोक्यावर; तिथं मात्र पाणी जाता कामा नये. एक हौशी पाहुणा नेमकी तिथंच बादली ओतायला निघाला. मी ती हिसकावली आणि त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात पिल्लानं श्वास सोडला. गरम, उग्र भपका थेट तोंडावर आला. मागं सेल्फी चालूच होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या एका जाणत्या माणसानं तेव्हाच विचारलं होतं, ‘याची आई कुठाय?’ हे दुधावरचं पोर. खोल पाण्यात नेऊन सोडलं तरी पाजणार कोण? मी ते नीट ऐकलं, आणि दोर धरला.

चाळीसेक तासांनी ते आत गेलं. टाळ्या, शिट्ट्या, मीही ओरडलो. मग ते पुन्हा किनाऱ्याला आलं, मेलेलं.

आता मी स्वतःलाच म्हणतो, आपण त्याचे हाल लांबवले. तेव्हाचा मी विचारतो, मग काय बघत बसायचं होतं? काही देशांत अशा वेळी डॉक्टर इंजेक्शन देऊन त्रास संपवतात. देवाच्या दारात, ऐन दिवाळीत, एवढ्या मोबाइलांसमोर ते कुणी केलं असतं, तर आज तुम्ही मला काय विचारलं असतंत?

‘देवमाशांचा एवढा पुळका कधीपासून?’ असंही कुणी म्हणतं. अहो, हिंदी महासागर 1979पासून त्यांचं अभयारण्य आहे, व्यापारी शिकारीवरची बंदी 1986ची. इथं शिकारीचे भाले थांबले, जाळी आणि जहाजं नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना 2018ची. तिच्याबद्दल एका पाहुण्यानं विचारलेलं मला आठवत नाही. देवमाशाच्या ‘उलटी’चा, म्हणजे अत्तरासाठी महाग विकल्या जाणाऱ्या अंबरग्रीसचा, भाव मात्र सगळ्यांना हवा असतो. ती जवळ बाळगली तरी गुन्हा आहे म्हटलं की जेवण भरभर उरकतं.

पुन्हा असं पिल्लू लागलं तर जाणार का, हेही विचारता. जाईन. आई आसपास दिसली तर दोर धरीन. नाही दिसली तर कदाचित डॉक्टरांच्या बाजूनं उभा राहीन. पण हे मी पंगत उठल्यावर, पंख्याखाली बसून म्हणतोय.